मदत हवी: आईचं इन्सुलिन, टोंगळेदुखीच्या पुड्या आणि रात्री तीनला साखर ४८

घाटंजी तालुक्यातून लिहितो. आईला आम्ही बाई म्हणतो, वय ६३. शुगर बारा वर्षांपासून. दोन वर्षं झाली ३०/७० चं मिश्र इन्सुलिन सुरू आहे, सकाळी १८ युनिट, रात्री १२. सोबत शुगरचीच ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी. बीपीसाठी मेटोप्रोलोल, ती सहा महिन्यांपासून.

निंदणात बाईचे टोंगळे, म्हणजे गुडघे, धरले. गावातल्या दवाखान्यातून पुड्या आणल्या. कागदात तीन-तीन गोळ्या, एक गुलाबी, दोन पांढऱ्या, नावाचा पत्ता नाही. दुसऱ्याच दिवशी बाई पायी वावरात! पण साखर सकाळी उपाशीपोटी १५० आणि दुपारी चारला ३६०. मशीन बिघडलं समजून मी माझंच बोट टोचलं, ९८ आली.

इन्सुलिनवाल्या डॉक्टरांचा दवाखाना यवतमाळला. फोन कंपाउंडरने घेतला, म्हणाला चार-चार युनिट वाढवा. पुड्यांचं सांगायचं मला सुचलंच नाही. आठ दिवसांत पुड्या संपल्या, डोस मात्र २२-१६ वरच राहिला.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर बाईचं लुगडं ओलं चिंब. वाटलं कवेलू गळतात. हाक मारली तर म्हणे, "बैल सोडले का रे?" बैल विकून चार वर्षं झाली. मशीनवर ४८. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ७६, मग दूध-भाकर. आधी साखर उतरली की तिचे हात कापायचे, ती स्वतःच गुळाचा खडा तोंडात टाकायची. या वेळी धडधड नाही, थरथर नाही.

डोस मी आपल्या मनाने १८-१२ वर आणला, ते बरोबर केलं का? पुड्यांत काय असेल? आणि बाईला कळलंच नाही, असं का झालं?

मेडिकलवाला_वणी: पुडीत बहुतेक स्टेरॉइड. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सकाळी घेतलं की उपाशीपोटीची साखर फारशी हलत नाही, दुपार-संध्याकाळची चढते. तुमचे आकडे तसेच आहेत. स्टेरॉइड बंद झालं की चढलेली साखर उतरते, वाढवलेलं इन्सुलिन मात्र तेवढंच राहतं. त्यावर ग्लिमेपिराइडही साखर पाडते, म्हणून दोन्ही सोबत असताना जास्त जपावं लागतं. पुडी देणाऱ्याकडून गोळ्यांची नावं लिहूनच घ्या, लाजू नका. बाई याआधीही महिनोन्महिने पुड्या घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडायचं नसतं.

सिस्टर_पीएचसी: कळलं नाही त्याचं कारण मेटोप्रोलोल असू शकतं. साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ही गोळी झाकते. घाम मात्र झाकत नाही, तोच तुम्हाला दिसला. पण म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नका, एकदम सोडली तर हृदयाला त्रास होतो. डॉक्टरांना विचारा. तोवर झोपताना आणि एखाद्या रात्री तीनला साखर तपासा. ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा.
पुडीत स्टेरॉइडसोबत दुखण्याची गोळीही बहुतेक असेल. ती किडनीवर येते, आणि किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, शेवटची कधी केली?

धागाकर्ता: क्रिएटिनिन मागच्या दिवाळीला केलं होतं, कागद सापडत नाही. पुड्या याआधी उन्हाळ्यातही आणल्या होत्या, हे आज बाईने कबूल केलं. डोसचं?

सिस्टर_पीएचसी: जुन्या डोसवर आलात ते ठीक वाटतं, पण पुढचा आकडा इथं कोणी सांगू नये. चार दिवसांच्या नोंदी, वेळेसकट, वहीत लिहून न्या. आणि यापुढे लघवीच्या जळजळीला सिप्रो, लिव्हो असं काही अँटिबायोटिक लिहून दिलं तर इन्सुलिन सुरू आहे हे आधी सांगा. त्यांनीही साखर वर-खाली होते.

धागाकर्ता: उद्या पहिल्या काळीपिवळीने यवतमाळ. वही, मशीन, गोळ्यांची सगळी पाकिटं आणि पुडीचा एक उरलेला कागद पिशवीत भरला. बाई म्हणते, शुगरचं मागून विचार, आधी टोंगळ्याचं विचार.