‘समांतर विश्व सिद्ध झालंय’ असं पोरांना सांगू नका

विज्ञानमास्तर
काल इथं एका ताईंनी लिहिलं, “मुलगा या विश्वात नापास झाला तरी दुसऱ्या विश्वात पास झालाय, विज्ञानानं सिद्ध केलंय. अवकाशकाल, म्हणजे जागा आणि वेळ मिळून, जणू ताणलेली सोलापुरी चादर.” खाली सगळ्यांचे नमस्कार. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, गप्प बसवत नाही. ही समांतर विश्वं म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटनं १९५७ साली मांडलेला क्वांटम समीकरणांचा, म्हणजे अणूंसारख्या सूक्ष्म गोष्टींच्या गणिताचा, एक अर्थ. मोजमाप केल्यावर एकच शक्यता उरते असं न मानता तो म्हणाला, सगळ्या आपापल्या फांदीवर चालू राहतात. पण त्या फांदीवरचं इकडं काही दिसत नाही, आणि प्रयोगातले आकडे नेहमीच्या क्वांटम हिशोबाइतकेच येतात. मग सिद्ध कशानं झालं? परवा वर्गात एकानं विचारलं, “सर, तिकडं मी पास आहे तर इकडं अभ्यास कशाला करू?” पोरगं खरंच विचारत होतं.

होटगीरोडकर
सर, १९१५ ला आईनस्टाईनकडं तरी काय होतं? गुरुत्वाकर्षणाची समीकरणंच की. सूर्याजवळ ताऱ्याचा प्रकाश वाकतो हे बघायला १९१९ चं ग्रहण यावं लागलं. त्याच समीकरणांतल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशकालातले तरंग, थेट सापडल्या सप्टेंबर २०१५ मध्ये. आता तसलीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायचीय. शंभर वर्षं थांबायची तयारी ठेवा, लगेच झाडू घेऊन उभे राहू नका.

विज्ञानमास्तर
आईनस्टाईननं आकडा दिला होता, प्रकाश १.७५ विकला वाकेल (एका अंशात ३६०० विकला). न्यूटनच्या हिशोबानं त्याच्या निम्मा. आकडा चुकला असता तर सिद्धांत पडला असता. एव्हरेटचा असा वेगळा आकडा दाखवा, उद्या वर्गात माफी मागतो.

मागवाला
तुमचं चालू द्या. पण गुरुत्वाकर्षण समजवायला देतात ते चादरीचं उदाहरण बंद करा. चादरीवर गोळा ठेवला की झोळ पडतो, तो पृथ्वी गोळ्याला खाली ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला परत गुरुत्वाकर्षणच! आणि खऱ्या सोलापुरी चादरीला असा झोळ पडतच नाही.

भवानीपेठ
खरी चादर राहिलीय कुठं? भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा पातळ माल आपल्या नावावर विकतात. माझ्या चुलत्यांचे आठ माग भंगारात गेले, किलोच्या भावानं. आडवा धागा नेणारे धोटे तेवढे घरी आणून ठेवलेत. तुम्ही दुसऱ्या विश्वाचं बोलताय, इथलं बघा आधी.

होटगीरोडकर
विषय काय, चाललंय काय?

भवानीपेठ
पोटाचा विषय आहे. तुम्हाला नसेल.

मागवाला
पातळ माल इथलेपण काही जण काढतात, सगळा दोष बाहेरच्यांवर टाकू नका. मास्तर, चादर नाही तर मग पोरांना सांगायचं काय?

विज्ञानमास्तर
झोळाचं तुमचं बरोबर आहे, मीही वर्गात तेच शिकवत आलो. खरं तर वेळ वाकते. जमिनीजवळ घड्याळ हळू, उंचावर जलद. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ, वेगाचा परिणाम वजा करूनही, रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं. ते दुरुस्त केलं नाही तर नकाशा दिवसात किलोमीटरांनी चुकेल. झाडावरचा आंबा खाली येतो तोही मुख्यतः वेळेच्या या फरकामुळं.

मागवाला
मग हे मागावर दिसतं की. ताणा, म्हणजे उभे धागे, बीमच्या रुळावरनं सुटत पुढं सरकतो, ती वेळ समजा. एका काठाचे धागे कमी सुटले तर कापड सरळ निघत नाही, त्या काठाकडं वळत जातं. बाजूनं कुणी ओढलेलं नसतं.

निळीसावली
ती पोस्ट माझी. मुलगा नापास झाला, दोन दिवस जेवला नाही. त्याला ताटावर बसवायला मी ते वाक्य शोधलं. तो जेवला. तुमच्या विकला मला कळत नाहीत, सर.

विज्ञानमास्तर
ताई, जेवला हे चांगलं झालं. ‘सिद्ध’ तेवढं काढा, बाकी राहू द्या. पण सप्टेंबरात परीक्षा असेल तर तो अभ्यास इकडंच करायचाय.

होटगीरोडकर
म्हणजे शक्यता आहे एवढं तरी मानलंत.

विज्ञानमास्तर
नाकारली कधी होती? सिद्ध म्हणू नका, एवढंच म्हणत होतो.

मागवाला
मास्तर, शनिवारी पोरांना कारखान्यात घेऊन या. ताईंच्या मुलालाही आणा. एक काठ मुद्दाम कमी सोडून दाखवतो. थोडं सूत वाया जाईल, जाऊ दे.