सेल्व्हेज जीन्समध्ये एवढं काय असतं?

प्रश्न: सेल्व्हेज म्हणजे कापडाचा विणतानाच बंद झालेला काठ ना? जीन्सच्या पायाची घडी घातली की त्यावरची लाल दोऱ्याची किनार दिसते. तेवढ्यासाठी जपानी जीन्सचं वेड? नवी तर पुठ्ठ्यासारखी कडक असते म्हणे.

उत्तर: असतेच. माझी पहिली जोडी गुडघ्यात वाकायलाच तयार नव्हती. पण किनार ही नुसती खूण आहे. जुन्या मागावर धोटा आडवा धागा घेऊन परत फिरतो, म्हणून काठ बंद होतो. कापड अरुंद, साधारण ३० इंची, आणि पोत किंचित खडबडीत. हात फिरवला की कळतं. खरी जादू निळीत आहे. उभे धागे दोरखंडासारखे वळून निळीत पुन्हा पुन्हा बुडवतात, तरी गाभा पांढराच राहतो; म्हणून जिथे घासलं जातं तिथे निळा रंग उडून तो दिसू लागतो. १४ महिन्यांनी माझ्या गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटली, उजव्या खिशावर किल्ल्यांचा ठसा. अशी दुसऱ्या कुणाची होणार नाही!

दुसरं उत्तर: जपानच्या ओकायामा प्रांतातलं कोजिमा आधी शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होतं. १९६०च्या दशकात तिथे जीन्स शिवू लागले. जाड कापडावर हात बसला होता तो गणवेशांमुळेच.

प्रश्नकर्ता: आणि धुवायची कशी?

उत्तर: उलटी करून, गार पाण्यात, सावलीत वाळत घाल. कापड आधी आकसवलेलं नसेल तर माप घेताना तेवढी जागा ठेव.