कॅक्टस बुडाशी मऊ पडलाय, वरचा भाग वाचेल का? पिल्लं पण लावायचीयेत (मदत हवी आहे)

अंगणवेल:
नमस्कार मंडळी, ओळखीतल्या एकांनी घर बदलताना त्यांच्या कॅक्टसच्या सगळ्या कुंड्या माझ्याकडे सोपवल्या, आता मला सवय मनीप्लांट, जास्वंद वगैरेची, कॅक्टस म्हणजे पाणी कमी घालायचं एवढंच ज्ञान, आणि त्यातल्या काही कुंड्यांची लक्षणं ठीक दिसत नाहीयेत म्हणून धागा काढतोय. फोटो चढत नाहीयेत, लिहूनच सांगतो.

एक उंच सरळ वाढणारा आहे, हातभर असेल, मनगटाएवढा जाड. मातीच्या जरा वर एका बाजूला तपकिरी डाग पडलाय, तिथे दाबलं की बोट आत जातं आणि वास पण येतोय. पण वरचा भाग टणक आहे, शेंड्याला नवे लालसर काटे फुटतायत. हा मला काहीही करून वाचवायचाय. शेजारच्या कुंडीतला पण बुडाशी तपकिरीच आहे पण तो भाग एकदम कडक. तोच रोग आहे का हा?

दुसरं म्हणजे एक गोल, पांढऱ्या काट्यांचा आहे (मॅमिलारिया असावा), त्याच्या भोवती पिल्लांची गर्दी झालीय. ती कशी काढायची, मुळं नसतील तर लागतात का? एक लाल टोपीवाला आहे, त्या लाल गोळ्यालाही छोटी लाल पिल्लं आलीयेत, ती वेगळी लावता येतील का? आणि एकाला कुंडी हलवताना ओरखडा गेला तर चक्क पांढरा चीक आला. कॅक्टसला चीक असतो?

काटेकोर:
आधी उंचवाल्याचं बघा, बाकीचे थांबू शकतात. मऊ आणि वास म्हणजे सड, आणि ती आतून वर चढते, बाहेरचा डाग दिसतो त्याच्या बरीच पुढे गेलेली असते. शेंड्याला नवे काटे आहेत म्हणजे वरचा भाग अजून चांगला आहे पण उद्यावर टाकू नका. शेजारचा कडक तपकिरीवाला मात्र निवांत सोडा, वय झालं की कॅक्टसला बुडापासून अशी साल धरते, रोग नाही तो.

धारदार पातळ सुरी घ्या, स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या दोन इंच वर आडवा काप घ्या. आता कापलेली बाजू नीट उजेडात धरून बघा. मधोमध एक गोल कडं दिसेल, ते झाडाच्या अन्नपाण्याच्या नळ्यांचं. बाहेरचा गर कितीही हिरवा पांढरा स्वच्छ दिसला तरी त्या कड्यात एखादा नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असेल तर सड तिथपर्यंत पोचलीय. सुरी परत पुसायची (हे लोक विसरतात, मग आपणच बुरशी वर नेऊन ठेवतो), अजून एक चकती काढायची, परत बघायचं. एकही ठिपका नाही असा काप मिळेपर्यंत वर वर सरकत राहायचं. जीव तुटतो पण इलाज नाही.

मग कापाच्या कडा चहूबाजूंनी तिरक्या तासा, पेन्सिलला टोक काढतो तसं. कारण वाळताना मधला गर आक्रसून आत ओढला जातो आणि साल तशीच राहते, त्यामुळे बुडाला खळगा पडतो. मुळं फुटतात ती त्या मधल्या कड्यातून, ती मातीला टेकायला हवीत ना.

सदाफुली:
आणि लगेच लावू नका!! ओला काप मातीत गेला की परत सड. सावलीत, हवेशीर जागी, उभाच ठेवून द्या. फार दिवस आडवा ठेवलात तर शेंडा उजेडाकडे वाकतो आणि मुळं पण कुशीतून फुटायला लागतात. मनगटाएवढा जाड असेल तर दोन-तीन आठवडे तरी, हवा दमट असेल तर अजून. कापावर नखाने टकटक केलं की कोरडा कडक आवाज यायला पाहिजे. गंधकाची पावडर असेल तर लावा, नसेल तरी अडत नाही.

कुंडीवाला:
सदाफुलीताई, रूटिंग पावडर नाही सांगितलीत? मी तर ती लावल्याशिवाय काही लावत नाही.

काटेकोर:
लावा की, बिघडत काही नाही. पण कॅक्टसची मुळं फुटायला तिची गरज लागत नाही, नुसता कोरडा ठेवलेला तुकडासुद्धा माती न दाखवता मुळं काढतो. वेळ आणि कोरडेपणा ही खरी पावडर :)

रानवारा:
पिल्लांचं मी सांगतो. मॅमिलारियाचं पिल्लू चिमट्याने किंवा जाड कागदाची पट्टी गुंडाळून धरा आणि हलकं पिरगळा. तयार असेल तर सहज सुटून येतं, मूळ झाडाशी अगदी बारीक देठ असतो. ओढाओढ करावी लागतेय म्हणजे ते अजून लहान आहे, सोडून द्या. मुळं नसली तरी लागतात. जखम लहान असते म्हणून चार-पाच दिवस ते आठवडा वाळवणं पुरतं. सगळी काढू नका पण, गर्दीतच ते झाड शोभतं (माझं मत).

लाल टोपीवाल्याची पिल्लं वेगळी लावून जगणार नाहीत. ते एक झाड नाहीच, दोन आहेत. वरचा लाल गोळा जिम्नोकॅलिशियम नावाच्या कॅक्टसचा, त्याच्यात हरितद्रव्यच नाही म्हणून तर तो लाल दिसतो, स्वतःचं अन्न करू शकत नाही. खालचा हिरवा तिकोनी दांडा बहुतेक ड्रॅगनफ्रूटच्या वेलाचा, तो दोघांचं पोट भरतो. लाल पिल्लू वाढवायचं तर नव्या हिरव्या दांड्यावर कलम करा. दोन्ही काप ताजे आणि सपाट हवेत, दोघांची मधली कडी एकमेकांवर थोडी तरी आली पाहिजेत, नाहीतर जोड धरत नाही. वरून रबरबँडने दाबून ठेवायचं. अशी कलमं तशीही काही वर्षांचीच सोबती असतात, त्यामुळे जुनं जाण्याआधी नवं करून ठेवलेलं बरं.

सदाफुली:
चीक आला ते बहुतेक कॅक्टस नाही, युफोर्बिया असणार (काही मॅमिलारियांनाही चीक असतो). दिसायला डिट्टो पण घराणं वेगळं. खूण सोपी आहे, कॅक्टसचा काटा लवदार छोट्या गादीतून फुटतो, युफोर्बियाला ती गादी नसते. तो चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, फांदी कापायची तर हातमोजे घाला. लावायची पद्धत तीच, फक्त कापल्यावर चीक थांबेपर्यंत पाण्याने धुवायचा आणि मग वाळवायचं.

अंगणवेल:
कापला!! तुम्ही म्हणालात तसाच कड्यात नारिंगी ठिपका होता, गर मात्र इतका स्वच्छ की सांगितलं नसतं तर मी तिथेच थांबलो असतो. परत परत चकत्या काढून शेवटी स्वच्छ काप मिळाला, आता वीतभर उरलाय, एका रिकाम्या ग्लासात उभा करून ठेवलाय. आता माती कसली घेऊ? आत्ताच्या कुंड्यांत सगळं कोकोपीट दिसतंय, वरून कोरडं खडखडीत आणि आत ओलं. आणि पाणी कधी? खाली खडे घालू का?

कुंडीवाला:
कोकोपीट कॅक्टसला नकोच. ओलं असलं की ओलंच राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी कडेने निघून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. अर्ध्याहून जास्त भाग जाड दाणेदार काहीतरी घ्या, ज्वारीएवढे दाणे, भरड वाळू, विटांचा चुरा, पर्लाइट, प्युमिस जे मिळेल ते, चाळून धूळ काढून टाका. बाकी मुरलेलं पालापाचोळ्याचं खत आणि थोडी माती. बारीक वाळू नको, ती फटी बुजवून उलट चिखल करते. समुद्राची तर नकोच, मीठ असतं.

तळाला खड्यांचा थर देऊन निचरा सुधारत नाही, पाणी त्या थराच्या वरच्या मातीत अडकून बसतं आणि ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. भोक बुजू नये म्हणून एक खापरीचा तुकडा पुरे. आणि कुंडी लहान घ्या, झाडापेक्षा बोटभर रुंद. मोठ्या कुंडीत जास्त माती आणि ती वाळता वाळत नाही.

काटेकोर:
लावल्यावर पाणी घालायचं नाही. कोरड्या मातीत नुसता टेकवून ठेवा, हलत असेल तर काड्यांचा आधार द्या, खोल पुरू नका. दोन-तीन आठवड्यांनी हलकेच वर उचलून बघा, अडकल्यासारखं वाटलं की मुळं फुटली, तेव्हा पहिलं पाणी, तेही थोडं. मधल्या काळात तो सुरकुतला तरी घाबरू नका, अंगातल्या पाण्यावर भागवतोय तो. एकदा नीट धरला की मग पाणी घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय परत नाही. रोज दोन चमचे घालणारे लोक असतात, त्याने वरची माती कायम ओली आणि खालची मुळं उपाशी.

ऊन पण हळूहळू दाखवा. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलात तर पांढरट पिवळा चट्टा पडतो, तो कायमचा. आणि अंधारात ठेवलात तर शेंडा बारीक होत जातो, तो नंतर कधी जाड होत नाही.

अंगणवेल:
मॅमिलारियावर लालभडक लांबट फळं पण आलीयेत, त्यात बी असेल का?

रानवारा:
असणार. फळ चिरडून बिया धुवा, वाळवा, चाळलेल्या ओल्या मातीवर नुसत्या पसरा, वरून माती टाकू नका, उगवायला त्यांना उजेड लागतो. पारदर्शक पिशवीत कुंडी बंद करून उजेडात ठेवा पण थेट ऊन नको. २० ते ३० अंशात आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसायला लागतात. रोपांना सुरुवातीचे काही महिने ओल लागते, मोठ्या झाडाच्या अगदी उलट, इथे बरेच जण त्यांना वाळवून मारतात. बाकी पुढे स्वतः परागीकरण करून बी धरायचं डोक्यात असेल तर हे लक्षात ठेवा की बऱ्याच जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, आणि पिल्लू लावून केलेलं झाड हे तेच झाड धरायचं, जोडीला बियांपासून आलेलं दुसरं लागतं.

अंगणवेल:
मस्त, करून बघतो. शेवटचं, उंचवाल्याचा बुडखा अजून कुंडीतच आहे, त्याला पिल्लं येतील म्हणून ठेवू का?

काटेकोर:
चांगल्या झाडाचा शेंडा उडवला असता तर ठेवा म्हटलं असतं, कापाखालच्या गाद्यांमधून दोन-तीन फुटवे येतात. हा सडलाय, टाकून द्या, मातीसकट. कुंडी घासून धुवा आणि उन्हात वाळवा, ती माती दुसऱ्या कशाला वापरू नका. आणि टाकण्याआधी मुळं एकदा झटकून बघा, पांढरा कापूस दिसला तर मुळांवरचा मिलीबग (रस शोषणारी कीड) आहे, मग बाकीच्या कुंड्या पण उपसून तपासाव्या लागतील.