मदत हवी आहे: सिंगलटन की ॲलन, कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॉलेज फुटबॉल नियमित पाहणारं इथे कोणी आहे का? पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाच्या 2024 च्या सीझनवरून भाच्याशी माझा वाद चाललाय: त्यांच्या दोन रनिंग बॅकपैकी (बॉल घेऊन धावणारे खेळाडू) सरस कोण? कायट्रॉन ॲलनने 220 वेळा बॉल घेऊन 1,108 यार्ड काढले, निकोलस सिंगलटनने 172 वेळांत 1,099. दर धावेमागे सरासरी 5 विरुद्ध 6.4. भाच्याच्या मते सिंगलटनच सरस, विषय इथेच संपला.

मला हे अजिबात पटत नाही. थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) दोन यार्ड हवे असतात, समोर बचावफळी दाटीवाटीने उभी असते, तेव्हा अंगावर माणूस घेऊन काढलेले तीन यार्ड लाखमोलाचे. पण सरासरी त्यानेच खाली येते. उलट एकच साठ यार्डांची धाव ती कुठल्या कुठे नेते.

टक्कर झाल्यानंतर काढलेल्या यार्डांचे आकडे फुकट कुठे मिळतील? ऑफेन्सिव्ह लाइनने मोकळी करून दिलेली वाट आणि धावणाऱ्याची स्वतःची कमाई वेगळी कशी काढायची? दुबळ्या संघांविरुद्धचे सामने बाजूला ठेवावेत का? आणि क्वार्टरबॅकला (पास फेकणारा खेळाडू) वाचवण्यासाठी केलेलं ब्लॉकिंग, जे स्कोअरकार्डात दिसतच नाही, ते तुम्ही कसं मोजता? एक्सेल शीट तयार आहे, रकाने कोणते घालू तेवढं सांगा.