सेट्रबलशूट ३.२.१७ दिसतंय, म्हणजे भोक उघडंच आहे का?

शिरोली_सर्व्हर
मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सर्व्हर सांभाळतो. सेंटओएस ७ ही लिनक्स ओएस आहे, पार्ट्यांची ड्रॉइंगं त्यावरच येऊन पडतात. काल सीव्हीई-२०१५-१८१५ (सुरक्षेतल्या दोषाचा जाहीर नोंद-क्रमांक) बद्दल वाचलं. दोष सेट्रबलशूटमधला, म्हणजे एसईलिनक्स या सुरक्षेच्या कुलपानं काही अडवलं की त्याची तक्रार लिहिणाऱ्या प्रोग्राममधला. दुरुस्ती ३.२.२२ मध्ये झाली म्हणे, माझ्याकडं तर ३.२.१७ आहे! रात्री डोळा लागला नाही. भोक फाइलीच्या नावातून आहे म्हणतात, आणि आमच्याकडं नावं बाहेरचीच माणसं देतात. हे नेमकं घडतं कसं? एकानं सांगितलं, एसईलिनक्सच बंद करून टाक. मनाला पटत नाही.

राजारामपुरीचा_अ‍ॅडमिन
बंद अजिबात करू नका, दादा. कुलपाची तक्रार लिहिणारा चुकला म्हणून कुलूप काढायचं नसतं.

एसईलिनक्सनं काही अडवलं की ती फाइल कुठल्या पॅकेजची, हे सेट्रबलशूट आरपीएमला, म्हणजे पॅकेजं बसवून त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो. जुन्या कोडात फाइलीचं नाव आदेशाला तसंच चिकटवून अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे लिहिलेले आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात दिली जायची. समजा नाव आहे 'हाउसिंग;रीबूट'. शेल ';' पाशी पहिला आदेश संपला असं धरतो आणि 'रीबूट' वेगळा चालवतो. नुसती फाइल पडून काही होत नाही, तिच्यावरून नकार घडावा लागतो. पण घडला की संपलं, कारण सेट्रबलशूटचा डिमन (मागं सतत चालणारा प्रोग्राम) तेव्हा रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालायचा. दुरुस्तीत मधला शेलच काढला, नाव आता स्वतंत्र घटक म्हणून सरळ आरपीएमकडं जातं.

आकड्याला घाबरू नका. सेंटओएस ज्यांच्या कोडावरून बनतं ती रेड हॅट कंपनी आवृत्तीचा आकडा तोच ठेवून नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीला आणून जोडते. 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग सेट्रबलशूट-सर्व्हर' चालवा आणि बदलांच्या त्या यादीत १८१५ शोधा.

कळंबा_लिनक्स
सेट्रबलशूटच्या प्लगइन्सचं (नकारावर उपाय सुचवणाऱ्या जोडभागांचं) पॅकेज वेगळं असतं, तेही बघा. २०१६ मध्ये अलाउ-एक्झेकमॉड आणि अलाउ-एक्झेकस्टॅक या प्लगइनांत हाच दोष पुन्हा सापडला: सीव्हीई-२०१६-४४४४ आणि ४४४६. आणि सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ लाच संपलाय. पुढचं भोक कुणी बुजवणार नाही.

शिरोली_सर्व्हर
बघितलं. १८१५ ची नोंद सापडली, जीव भांड्यात पडला. प्लगइन्सच्या नोंदी मात्र २०१५ वरच थांबल्यात. ते पॅकेज आजच बदलतो. नव्या ओएसचं मालकांच्या कानावर घातलंय, येत्या सुट्टीला मशीन हातात मिळेल.