चार सिऊ भात: दुकानाचं नाव बघायचं की आकड्याला टांगलेलं मांस?

निखारा

हाँगकाँग, सिंगापूर, क्वालालंपूर, कुठेही साध्या ठेल्यावर चांगला चार सिऊ भात (कँटनीज पद्धतीचं गोडसर भाजलेलं पोर्क, भात, वरून सॉस) खायचा म्हटलं की लोक गाजलेल्या दुकानांची यादी काढतात. माझ्या मते ही यादी फार तर दुकानाच्या दारापर्यंत नेते. ताटात काय पडणार ते ठरतं मांस भट्टीतून किती वाजता निघालं यावर. पहिला तास, फार तर दीड तास. त्यानंतर चरबी थिजायला लागते, वरचा पाक हवेतला दमटपणा ओढून पाणी सोडतो आणि दिव्याखाली टांगलेल्या कडा चिवट होतात. नामांकित दुकानातलं दुपारी साडेतीनचं चार सिऊ साध्या दुकानातल्या साडेअकराच्या चार सिऊपुढे हरतं.

काचेबाहेर उभं राहून दोन मिनिटांत कळणाऱ्या खुणा:

लांब पट्टीच्या खालच्या टोकाला पाकाचे थेंब साचलेत आणि वरचा भाग निस्तेज दिसतोय, म्हणजे माल बराच वेळ टांगलेला आहे. चरबी काचेसारखी अर्धपारदर्शक दिसली तर गरम, पांढरी दिसली तर गार.

कापणाऱ्याकडे बघा. पत्त्यांसारखे एकसारखे पातळ काप पडत असतील तर मांस थंड आहे. नुकतं निघालेलं मांस तितकं पातळ कापलंच जात नाही, सुऱ्याखाली दबतं. हाँगकाँगमध्ये ५ ते ८ मिलिमीटर जाडीचे काप ठीक.

आणि तोंड उघडून सांगा: ‘बुन फेई साऊ’, म्हणजे निम्मी चरबी, निम्मं मांस. काही न बोलणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला बहुतेकदा कोरडा भाग मिळतो. त्यात लबाडी नसते. पाहुण्याला चरबी नको असणार असं गृहीत धरलेलं असतं.

वांचाई_लोकल

वेळेचं मान्य, पण नाव बाद करण्याची घाई नको. वेळ का जुळते ते बघा. हाँगकाँगच्या वांचाई भागात हेनेसी रोडवरच्या जॉय हिंगसारख्या दुकानात माल टिकतच नाही. खप जास्त, त्यामुळे भट्टी दिवसभर चालू. म्हणजे तुमचा ‘पहिला तास’ तिथे दिवसातून अनेकदा येतो. लहानशा अनोळखी दुकानात सकाळी एकदा भाजतात, फार तर संध्याकाळी घरी न्यायला मांस कापून घेणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा. तिथे चुकीच्या वेळी गेलात तर संपलंच. नवख्याने गर्दीच्याच दुकानात जावं, असं माझं सरळ मत आहे.

ठोकळा आणि सुरा

गर्दी कशासाठी आहे तेही विचारा की! २०१६ साली सिंगापूरच्या पहिल्या मिशेलिन गाइडमध्ये (उत्तम खाण्याच्या जागांना तारे देणारी मार्गदर्शिका) चान हॉन मेंग यांच्या ठेल्याला तारा मिळाला तो सोया सॉस चिकनमुळे. (तारा २०२१ मध्ये गेला.) लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून चार सिऊही घेऊन मोकळे. हाँगकाँगचं ‘यात लोक’ नावाचं दुकान भाजलेल्या हंसासाठी प्रसिद्ध. हंसाच्या दुकानात चार सिऊ वाईट असतं असं नाही, पण आचाऱ्याचं लक्ष हंसाच्या कातडीवर असतं. खिडकीत कशाच्या पट्ट्या जास्त टांगल्यात ते मोजा. तीन हंसांमागे एकच पट्टी असेल तर पुढे चला.

पुदू_रोड

तुम्ही सगळे घड्याळ घेऊन बसलात, मांसाच्या तुकड्याबद्दल अक्षर नाही. गाडी तिथेच रुळावरून घसरते.

हाँगकाँगमध्ये खांद्या-मानेचा तुकडा वापरतात, त्याला तिथे ‘मुई ताऊ’ म्हणतात. चरबी मांसाच्या धाग्यांत जाळीसारखी पसरलेली, त्यामुळे आच थोडी जास्त झाली तरी सांभाळून घेतो. सिंगापूरच्या बऱ्याच स्वस्त ठेल्यांवर पाठीचा किंवा मांडीचा कोरडा भाग असतो. तो कोणत्याही वेळी खा, दहा मिनिटांपूर्वी निघालेला असला तरी भुसाच. म्हणून त्यावर स्टार्च घातलेला दाट गोड सॉस ओततात. क्वालालंपूरमध्ये पोटाचा भाग किंवा पुढच्या पायाच्या काखेतला तुकडा घेतात, काळा सोया आणि साखरेत जवळजवळ काळाकुट्ट होईपर्यंत भाजतात आणि दीड-दोन सेंटिमीटरचे जाड तुकडे करून देतात. आत चरबी लोण्यासारखी वितळलेली, बाहेर कुरकुरीत कडू-गोड कडा. हे खाल्ल्यावर हाँगकाँगचं सभ्य लालसर चार सिऊ आजारी माणसाचं जेवण वाटतं.

वांचाई_लोकल

@पुदू_रोड, पहिले चार घास स्वर्ग, पाचव्याला ताट बाजूला. त्यातून तुमच्या क्वालालंपूरमध्ये ते बरेचदा चिकन राइसच्या दुकानात मिळतं, म्हणजे भातही कोंबडीच्या चरबीत आणि रश्शात शिजवलेला. तेलकट भातावर पोटाची चरबी आणि वर साखर. याला तोल म्हणत नाहीत.

चार सिऊखाली साधा सुवासिक थाई भातच हवा, मोकळा, किंचित कोरडा. त्यावर सॉस पातळ: सोया, खडीसाखर, पाणी, छोटे कांदे आणि भट्टीच्या ताटलीत जमलेला मांसाचा रस. भातात झिरपायला पाहिजे, वर थर धरून बसायला नको. बाजूला आलं-पातीच्या कांद्याचं तेल मागून घ्या. ते मुळात उकडलेल्या कोंबडीबरोबर देतात, पण मागितलं तर मिळतं आणि गोडपणा कापतं.

पुदू_रोड

साधा भात मागितला की साधा मिळतो. तो दोष चार सिऊच्या माथी कशाला?

हॉकरप्रेमी

सिंगापूरला एका ओळीत निकालात काढलंत. ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटरमधलं रोस्ट पॅराडाइज क्वालालंपूर पद्धतीचंच जाड, काळ्या कडांचं चार सिऊ देतं. एबीसी ब्रिकवर्क्स फूड सेंटरमधलं फॅटी चाँगही पातळ लाल कापांचं दुकान नव्हे. आणि त्या पातळ लाल कापांना नावं ठेवण्याआधी ते कुठे घालतात ते बघा. वाँटन नूडल्सवर (सारण भरलेल्या छोट्या पुड्यांसोबतच्या नूडल्स) पातळ, कोरडं, बाहेरून रंगवलेलं चार सिऊ हीच जुनी पद्धत. नूडल्सच्या सॉसमध्ये ते भिजतं, जाड तुकडा तिथे नुसताच बोजड. चूक होते ती तेच मांस भातावर देताना.

रंगाचंही तसंच. भडक लाल कड म्हणजे खायचा रंग, हे खरं. लाल आंबवलेल्या टोफूमुळे येणारा रंग मंद, विटकरी असतो. पण रंग घातला म्हणून चव बिघडत नाही, त्यामुळे ती गुणवत्तेची कसोटी धरू नका. चव बिघडते ती खाण्याचा सोडा जास्त घालून मांस ‘मऊ’ केल्याने. दाताखाली रबरी, ओलसर स्पंजासारखं लागलं आणि मांसाचे धागेच जाणवले नाहीत, तर सोडा समजा. असं दुकान कायमचं सोडा.

(नवीन जाणाऱ्यांसाठी: सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली अनेक ठेले असलेली खाण्याची जागा) २०२१ पासून ट्रे परत ठेवणं सक्तीचं आहे, आणि पोर्कचा ट्रे हलालच्या रॅकवर ठेवायचा नाही. पाट्या असतात, वाचा.)

कोळशाचा_चाहता

मुख्य मुद्दा राहिलाच. कोळशाची भट्टी आहे का? गॅसवरचं चार सिऊ आणि कोळशावरचं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वेळ, तुकडा वगैरे सगळं नंतर.

निखारा

नाव ‘निखारा’ घेऊनही मी कोळशाच्या विरोधात आहे, हे आधी सांगून टाकतो.

लोकांना वाटतं मांसाला कोळशाचा वास लागतो. आपल्या ओळखीचा तो धुराचा वास मुख्यतः चरबी थेट निखाऱ्यावर पडून जळाल्याने येतो. चार सिऊ उभ्या, पिंपासारख्या भट्टीत आकड्यांना टांगून भाजतात आणि टपकणारी चरबी खाली ताटलीत झेलतात, कारण ती पेटली तर पाकावर काजळी धरते. मग वास येणार कुठून? कोळशाचा खरा फायदा वेगळा आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, कोळशाच्या ज्वलनात ती फारच थोडी. भट्टीतली हवा कोरडी राहते, कडा लवकर सुकतात. फरक आहे, पण तो गॅसच्या भट्टीत झाकणाची फट उघडी ठेवून आणि शेवटची पाच मिनिटं आच वाढवून बऱ्यापैकी भरून निघतो. कोरडा तुकडा मात्र कोणत्याच इंधनाने सुधारत नाही, इथे मी पुदूरावांच्या बाजूने.

कोळशाचा_चाहता

‘बऱ्यापैकी’ हा शब्द तुम्हीच घातलात, तेवढं मला पुरे. शिवाय निखाऱ्याची धग सगळीकडून सारखी नसते. एक कड करपते, दुसरी ओलसर राहते. तीच तर मजा! गॅसवरचं सगळीकडून एकसारखं, कारखान्यातून आल्यासारखं.

ठोकळा आणि सुरा

ती करपलेली कड इंधनापेक्षा पाकामुळे येते. दुकानात दोन टप्पे असतात. आधी मुरवलेलं मांस भाजून जवळजवळ शिजवतात, मग बाहेर काढून माल्टोजच्या (धान्यापासून केलेली दाट, चिकट साखर) पातळ केलेल्या पाकात बुडवतात आणि पुन्हा तीन ते पाच मिनिटं कडक आचेत. पाक सुरुवातीलाच लावला तर आतलं शिजेपर्यंत बाहेरून कोळसा होतो. फक्त मधावर काम भागवणारी दुकानं लगेच ओळखू येतात. मधातलं फ्रुक्टोज लवकर करपतं आणि दमट हवेत ओलसर होऊन बोटांना चिकटतं. माल्टोज कमी गोड, जास्त चिवट, चकाकी टिकवणारं. काप उचलल्यावर बारीक तार सुटली तर माल्टोज.

बाणेर_खवय्या

हे सगळं तिकडे असणाऱ्यांसाठी छान. पुण्यात घरच्या ओव्हनमध्ये जमतं का? माल्टोज मिळत नाही, लाल टोफू तर नाहीच.

ठोकळा आणि सुरा

जमतं. भट्टीची सर येणार नाही, पण कोरड्या ठेल्यापेक्षा बरं होतं.

पोर्कवाल्याला मानेकडचा भाग मागा, कातडी काढून. आपल्याकडे कातडीसकट मिसळून देतात आणि चार सिऊत कातडी चामड्यासारखी होते. १ किलोच्या ३-४ सेंटिमीटर जाड, वीतभर लांब पट्ट्या करा. पातळ पट्ट्या हीच घरची सगळ्यात मोठी चूक, रंग चढेपर्यंत आतून वाळतात. मुरवायला साखर १०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, साधा सोया ३० मिली, होइसिन सॉस २ मोठे चमचे, चिनी पंचमसाला अर्धा लहान चमचा, वाटलेला लसूण आणि छोटे कांदे. गुलाबाच्या चिनी दारूऐवजी १ मोठा चमचा व्होडका आणि गुलाबपाण्याचे दोन-तीन थेंब. फेणी घालू नका, काजूचा वास पंचमसाल्याशी भांडतो. लाल टोफू नसेल तर सोडून द्या, बिटाचा रस वगैरे नको.

फ्रिजमध्ये ८ ते १२ तास. दीड-दोन दिवस ठेवलंत तर मीठ-साखर पाणी ओढून घेतात आणि मांस हॅमसारखं घट्ट होतं. जाळीवर ठेवा, खाली ट्रेमध्ये १ सेंटिमीटर पाणी, नाहीतर टपकलेली साखर जळून घरभर धूर. वरचा ओला मसाला पुसून घ्या. २०० अंशांवर २० मिनिटं, उलटून १० ते १५. आतलं तापमान ६५ च्या आसपास आलं की बेकरी सामानाच्या दुकानातला लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, २ मोठे चमचे गरम पाणी आणि १ चमचा मध एकत्र करून ब्रशने लावा, २३० वर ४ मिनिटं. उलटून पुन्हा तेच. काढल्यावर १० मिनिटं हात लावू नका, मग धाग्यांना आडवे काप.

पुदू_रोड

लिक्विड ग्लुकोजला माल्टोजचा माल्टी वास नाही. चकाकी मिळेल, चव अर्धी. आणि काळा सोया एक चमचाही नाही? फिक्कट दिसणार.

ठोकळा आणि सुरा

@पुदू_रोड, काळा सोया घाला हवा तर, मग त्याला हाँगकाँगचं म्हणू नका.

हॉकरप्रेमी

बांधून नेणाऱ्यांसाठी एक. सॉस वेगळा मागा आणि डब्याचं झाकण पूर्ण लावू नका. बंद डब्यात वाफ धरली की वीस मिनिटांत कडा मऊ पडतात. मग सकाळी साडेअकराला घेतलंत काय आणि कोळशावरचं घेतलंत काय.

कोळशाचा_चाहता

कोळशावरचं बांधून नेणाऱ्याला मुळात विकूच नये.