प्रागमध्ये हॉटेल घ्यायचं तर 'सेंटर' म्हणजे नक्की कुठे?

रविवारची_भटकी:
मंडळी, गेले दहा दिवस मी रोज रात्री जेवण झालं की नकाशा उघडून बसतेय आणि आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात प्राग, चार रात्री. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या, उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त, पण उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पायऱ्या आणि चढ मात्र नको. आणि दुपारी तासभर आडवं व्हायला लागतं, त्याशिवाय संध्याकाळ जमत नाही.

तीन ठिकाणं काढलीत. एक, अगदी ओल्ड टाऊनमध्ये, तिथल्या मुख्य चौकापासून दोन गल्ल्या सोडून द्लोउहा नावाच्या रस्त्याजवळ, सगळ्यात महाग. दोन, नदीच्या पलीकडे माला स्ट्रानात, किल्ल्याच्या खाली, फोटो बघून जीव जातो इतकं सुंदर. तीन, नामेस्ती मिरू मेट्रोजवळ, विनोह्राडी भागात, खोली मोठी आणि पहिल्याच्या जवळजवळ अर्ध्या भावात. तिघांच्याही जाहिरातीत 'सेंट्रल लोकेशन' लिहिलंय!! तिन्ही सेंट्रल कशी असतील? नवरा म्हणतो पैसे गेले तरी चालतील पण ओल्ड टाऊनच घे. मला पटत नाहीये पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये.

घंटाळे:
नवऱ्याचं ऐका. चार रात्रींसाठी जाताय, वर्षभर राहायला नाही. खाली उतरलं की चौक, तासाच्या ठोक्याला टाऊन हॉलवरचं ते १४१० सालचं खगोलीय घड्याळ, दहा मिनिटांत चार्ल्स ब्रिज. दुपारी काकूंना टेकायचं असेल तर पाच मिनिटांत खोलीवर. याच्यापुढे काय सेंटर असणार?

पायपीट:
घंटाळे, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण ज्या गोष्टीसाठी ताई विचारतायत ती अर्ध्यातच राहिली.

बघा, त्या साइट्सवर 'केंद्रापासून ६०० मीटर' लिहितात ना, ते बहुतेक वेळा नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर असतं. मध्ये नदी आहे का, टेकडी आहे का याचं त्या आकड्याला काही पडलेलं नसतं. माला स्ट्रानाचं तेच होतं. आकडा छोटा दिसतो पण तिथे जायला अर्धा किलोमीटरचा पूल गर्दीतून ओलांडायचा आणि वर हॉटेल जर किल्ल्याकडे चढणाऱ्या गल्लीत असेल, नेरुदोवा वगैरे, तर रोज संध्याकाळी दमून आल्यावर शेवटी चढ. सकाळी उतरताना कळत नाही हो, तेव्हा पाय ताजे असतात.

मी हॉटेल ठरवताना एकच बघतो, दिवसाचा शेवट कुठे होतो आणि तिथून परत कसं यायचं. प्रागमध्ये तुम्ही सकाळी किल्ल्यावर असाल, दुपारी आणि कुठे, पण संध्याकाळी दहातले नऊ जण नदीकाठी किंवा ओल्ड टाऊनात असतात. मेमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो म्हणजे जेवून निघेपर्यंत दहा वाजणार. तेव्हा काकूंना किती चालायचंय आणि त्यातलं किती दगडांवर? कारण ओल्ड टाऊनचे रस्ते म्हणजे डांबर नाही, मुठीएवढे चौकोनी दगड बसवलेत, दिसायला छान, पण ऑपरेशनच्या गुडघ्याला विचारा. आणि चौकाच्या आजूबाजूला बराच भाग फक्त पायी चालायचा असल्यामुळे टॅक्सी दाराशी येईलच असं नाही, बॅगा त्याच दगडांवरून ओढायच्या. माझ्या एका बॅगेचं चाक तिथेच राहिलं.

आता तिसरा पर्याय. नामेस्ती मिरू ते स्टारोमेस्त्स्का, म्हणजे ओल्ड टाऊनचं स्टेशन, हिरव्या ए लाइनवर फक्त तीन स्टेशनं. मध्ये मुझेउम आणि मूस्टेक. आमच्या हिशोबाने दार ते दार पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे 'लांब' वगैरे काही नाहीये ते. विनोह्राडी म्हणजे झाडं लावलेले सरळ रस्ते, जुन्या मोठ्या इमारती, खाली बेकऱ्या, लोक खरंच राहतात तिथे. मी असतो तर तेच घेतलं असतं. फक्त एक गोष्ट...

खिडकीजवळ:
ती एक गोष्ट मी सांगते, पायपीट :) सरकता जिना!! नामेस्ती मिरू स्टेशन जमिनीखाली ५३ मीटर आहे, जिना एका दमात ८७ मीटर लांब. आणि प्रागचे जिने आपल्या मॉलमधल्यासारखे हळूहळू चालत नाहीत, भराभर जातात, पाय ठेवायच्या क्षणी सावध राहावं लागतं. माझ्या आईने पहिल्या दिवशी वरून खाली पाहिलं, शेवट दिसेना, आणि कठडा धरून म्हणाली मी नाही येत तुम्ही जा. मागे माणसं थांबलेली. शेवटी मी पुढे उभी राहिले, तिचा हात माझ्या खांद्यावर, डोळे मिटून उतरली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सरळ ट्रामनेच फिरलो आणि खरं सांगू, जास्त मजा आली, शहर दिसतं तरी. तिथून २२ नंबर मिळते.

निद्रानाश:
द्लोउहाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या म्हणजे प्रागचा बारचा पट्टा आहे. आम्ही तीन रात्री तिथल्याच एका हॉटेलात काढल्या (नाव नाही घेत, हॉटेल स्वच्छ होतं, दोष जागेचा), खोली रस्त्याकडची, पहिला मजला. रात्री एकला बाहेर बारा-पंधरा जणांचा घोळका गातोय, एका सुरात तरी गा म्हणावं. दोनला काच फुटली. साडेतीनला शांत झालं, आणि पाच वाजता रिकाम्या बाटल्या न्यायला गाडी, एक पिंप म्हणजे एक स्फोट. बायको उठून बसली आणि म्हणाली सुट्टीसाठी आलोय की पहाऱ्याला. आता २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा गाइड घेऊन बारबार फिरवायच्या त्या टूर बंद केल्यात, त्यामुळे थोडं बरं झालं असेलही, पण लोक आपापले पिऊन रस्त्यावर येतातच ना.

तरी ओल्ड टाऊनमध्येच राहायचं असेल तर मेल करून आतल्या चौकाकडची खोली मागा. जुन्या इमारतींना मध्ये चौक असतो, त्या बाजूच्या खोल्या अंधाऱ्या पण शांत. आणि रिव्ह्यू वाचताना एकूण गुण बघू नका, त्यात 'नॉइज' शोधा आणि फक्त मे ते सप्टेंबरचे वाचा, कारण जानेवारीत सगळ्यांच्या खिडक्या बंद असतात, तेव्हा प्रत्येक हॉटेल शांत.

दुसरं, लिफ्ट. 'लिफ्ट आहे' एवढ्यावर बुकिंग करू नका. आमच्याकडे लिफ्ट होती पण लिफ्टपर्यंत पोचायला सात पायऱ्या, कारण इमारत जुनी आणि लिफ्ट नंतर जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली. सरळ विचारा, रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती. आणि बाथटब की शॉवर तेही विचारा. टब असेल तर काकूंना रोज त्याच्या काठावरून पाय टाकावा लागेल.

रविवारची_भटकी:
बापरे! पायऱ्यांचं आणि टबचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता तिघांनाही मेल टाकले.

सरकत्या जिन्याचं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या "मी काय भिते की काय", आणि मग दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "किती लांब म्हणालीस?" तर ते समजलं.

माला स्ट्राना सोडते, मन घट्ट करून. पण ट्रामचं नीट सांगाल का कुणी? २२ कुठून कुठे जाते? आणि मग विनोह्राडीतच का राहू, २२ च्या रस्त्यावर अजून मध्ये कुठे नाही का मिळणार?

घंटाळे:
लोकांनी मिळून ओल्ड टाऊन पार उडवलं. ठीके. पण सकाळी सहाला चार्ल्स ब्रिजवर कुणी नसताना चालत जाणं हे फक्त जवळ राहणाऱ्यालाच मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

पायपीट:
घंटाळे, सहाला उठणार कोण ते आधी ठरू दे.

ताई, प्रश्न एकदम योग्य विचारलात, मला सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. २२ नामेस्ती मिरूवरून निघून कार्लोवो नामेस्ती, नारोद्नी त्रिदा, नॅशनल थिएटर करत नदी ओलांडते, माला स्ट्रानाच्या चौकातून जाते आणि वळणं घेत घेत किल्ल्याच्या मागे वर चढते. म्हणजे तुम्हाला जे जे बघायचंय त्याच्या कडेकडेने. तर नारोद्नी त्रिदाच्या आसपास, नोवे मेस्टोच्या बाजूला हॉटेल बघा. भाव तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी येईल. नोवे मेस्टो म्हणजे 'नवं शहर', पण नवं म्हणजे चौदाव्या शतकातलं हां, रस्ते मात्र रुंद आणि बऱ्यापैकी सपाट. तिथून चार्ल्स ब्रिज नदीकाठाने दहा मिनिटं, ओल्ड टाऊनचा चौक पायी पंधरा, सगळं सपाट. घंटाळेंची सकाळ पण होईल. आणि रात्री बारानंतर मेट्रो बंद झाली तरी रात्रीच्या ट्रामा एकमेकींना जिथे भेटतात तो लाझार्स्का थांबा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

किल्ल्यासाठी एक करा. सगळे 'प्राझ्स्की ह्राड' थांब्यावर उतरतात, तुम्ही बसून राहा आणि अजून दोन थांबे पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून किल्ल्याच्या मुख्य दारापर्यंत सगळा उतार. बघून झालं की मागच्या दाराने बाहेर पडून ह्राड थांब्यावरून परत २२. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका, कुणी कितीही व्ह्यू म्हणू दे.

खिडकीजवळ:
+१ पोहोर्झेलेत्स. त्याच रस्त्याने २३ पण येते, ती जुन्या टी-३ डब्यांची, लाल-क्रीम, गोड दिसते पण चढायला पायऱ्या उंच आहेत, काकूंबरोबर असाल तर सोडून द्या, नवी खालच्या फरशीची येऊ दे. थांब्यावरच्या वेळापत्रकात अशा गाडीपुढे व्हीलचेअरचं चिन्ह असतं.

एअरपोर्टवरून येताना ५९ नंबरची ट्रॉलीबस धरा, नाद्राझी वेलेस्लावीनला हिरवी मेट्रो, मालोस्त्रान्स्काला उतरून वर आलात की २२. टॅक्सी परवडत असेल तर पहिल्या दिवशी टॅक्सीच करा म्हणेन मी, बॅगा आणि जिना एकत्र नको. तिकिटं ३० मिनिटांची, ९० मिनिटांची, २४ आणि ७२ तासांची असतात. तुम्ही ७२ तासांचं घ्या, रोज हिशोब करत बसू नका. कागदी तिकीट पहिल्यांदा वापरताना पिवळ्या डब्यात घालून शिक्का मारायचा, एकदाच. मेट्रोला फाटक नसतं म्हणून लोक विसरतात आणि मग तपासनीस धरतो.

निद्रानाश:
पैशांचं राहिलं. प्रागची महापालिका मुक्कामाचा कर घेते, १८ वर्षांवरच्या माणसामागे रात्रीला ५० कोरुना. तुम्ही तिघं, चार रात्री, म्हणजे ६००. साइटवर दिसणाऱ्या किमतीत तो धरलेला नसतो बऱ्याचदा, काउंटरवर मागतात, तेव्हा फसवतायत असं वाटून भांडू नका (मी भांडलो). आणि तिथे युरो नाही, कोरुना. किंमत तुलना करताना नाश्ता धरलाय का बघा, मोफत रद्द करता येतं का ते तर आधी बघा, शेंगेन व्हिसाला प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवावं लागतं आणि व्हिसा हातात येईपर्यंत न परत मिळणाऱ्या खोलीचे पैसे अडकवायचे नाहीत.

हो, आणि मेच्या सुरुवातीला एका रविवारी प्रागची मॅरेथॉन असते, शहराच्या मधले रस्ते बंद, ट्रामा वळवलेल्या. तुमच्या तारखा दुसऱ्या आठवड्यातल्या, तरी पोचायचा दिवस रविवार असेल तर एकदा ताडून बघा.

डबल बेड म्हणजे बहुतेक वेळा दोन गाद्या शेजारी शेजारी आणि पांघरुणं वेगळी. त्या फटीत कोण झोपणार यावर आमच्याकडे चर्चा झाली होती.

रविवारची_भटकी:
लोकहो, झालं एकदाचं बुकिंग!! नारोद्नी त्रिदाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, ट्रामचा थांबा चार मिनिटांवर (मी नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंवरून बाणाने चालत जाऊन बघितलं, दोन पायऱ्यासुद्धा नाहीत). ओल्ड टाऊनवाल्याने पायऱ्यांच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. माला स्ट्रानावाल्याने प्रामाणिकपणे लिहिलं, १९ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. विनोह्राडीवाला खूप चांगला होता, त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं.

आमच्यावाल्याने सांगितलं की दारात एक पायरी, लिफ्ट तळमजल्यापासून, शॉवर बिनकाठाचा, आणि सासूबाईंची खोली आतल्या चौकाकडची देतील. आणि मॅरेथॉनचं ताडून बघितलं, पोचायचा दिवस रविवार नाहीये. नवरा थोडा नाराज आहे, घड्याळ दिसणार नाही खिडकीतून म्हणून, त्याला घंटाळेंचा सकाळी सहाचा कार्यक्रम दिलाय, बघू उठतो का.

सासूबाईंनी मेल वाचून घेतला माझ्याकडून आणि विचारलं, चौकात दिसतं काय? ते पण विचारलं मी हॉटेलला, लाज सोडून. उत्तर आलंय: चार सायकली आणि एक लायलॅकचं झाड, मेमध्ये फुललेलं असेल.